खोकल्याला पोट लागतं, बॉस!

सोमवारची सकाळ. ऑफिसात एसी फुल्ल. शेजारच्या क्यूबिकलमधून आवाज येतो, “हाऽऽक्छी!” मग टिश्यूची फरफर, मग नाक ओढणं आणि मग तो जगप्रसिद्ध डायलॉग, “काही नाही रे, साधी सर्दी आहे.”

तुमच्या ऑफिसात अशा वेळी काय होतं? कुणीतरी आल्याचा चहा मागवतं, कुणीतरी गोळी देतं आणि अर्ध्या तासात सगळे विसरून जातात. मी काय करतो? व्हीलचेअर रिव्हर्स घेतो आणि थेट मीटिंग रूममध्ये जाऊन बसतो. दार लावून. नवीन जॉइन झालेल्यांना वाटतं, केवढा भाव खातोय हा! भाव नाही हो. टरकते माझी.

कारण मला खोकता येत नाही.

म्हणजे खोकला येतो. जाम येतो. घशात खवखवतं, डोळ्यांत पाणी येतं, आतून एकदम ‘आता!’ असं होतं... आणि तोंडातून निघतो फक्त एक ‘हुः’. मांजराच्या पिल्लाने उसासा टाकावा तसा.

कमरेएवढं पाणी

ऑगस्ट २०१४. मी चोवीस वर्षांचा. पुण्यातले आम्ही सात जण, चार बाइक्स, ताम्हिणीचा पाऊस. पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही मोबाइलमध्ये असे फोटो असतील. ओढ्याचा एक डोह होता. आदल्या वर्षी त्याच दगडावरून त्याच डोहात मी चार वेळा सूर मारला होता, त्यामुळे पहिला नंबर माझाच. मधल्या पावसाळ्यात तिथे गाळ आणि गोटे येऊन बसले होते. पाणी कमरेएवढंच होतं.

दुखलं वगैरे काही नाही. मानेत एक ‘कट्ट’ झालं. डोळे उघडे होते आणि पाण्याखाली एक हात तरंगताना दिसत होता. घड्याळावरून कळलं, माझाच आहे.

सी-सिक्स. मानेतल्या मज्जारज्जूचा सहावा टप्पा. खांदे चालतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. बोटं, छाती, पोट, पाय यांच्याशी मेंदूचं कनेक्शन कट. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “चालशील ना रे परत?” दहा-अकरा वर्षांत एकानेही विचारलं नाही की, “खोकतोस कसा?” मलाही तो प्रश्न पडला नसता. पण ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये चौथी रात्र आली.

रात्रीचे अडीच असतील. घशाच्या खाली काहीतरी गच्च चिकटून बसलं होतं. खोकायला गेलो, हुः. परत, हुः. हाक मारावी तर आवाज म्हणजे फुसका फटाका. बेल वाजवावी तर त्याला बोटं लागतात! उशाशी बेल, दारापलीकडे सिस्टर, बाहेरच्या बाकावर बाबा झोपलेले आणि मी छताकडे बघत एकेक श्वास मोजतोय. वॉर्डातले मामा बेडपॅन घेऊन चालले होते. त्यांचं सहज माझ्या ओठांकडे लक्ष गेलं आणि ते बेडपॅन तिथेच टाकून पळाले. त्या मामांना मी आजही दिवाळीला फोन करतो.

नळी घालून कफ ओढून काढला. सकाळी एक्स-रेमध्ये दिसलं, डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटून गेलाय. डावाच का? कारण डावीकडे जाणारी श्वासनलिका उजवीपेक्षा जास्त वळून जाते. तिथला कफ निघायला कटकट आणि सक्शनची नळीही बहुतेक वेळा उजवीकडेच घुसते.

पोटावर हात ठेवा

दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम आल्या. पहिलं वाक्य, “तुझं श्वास घेण्याचं खातं चालू आहे, सोडण्याचं बंद पडलंय.”

हा फंडा तुम्हीही समजून घ्या. आत्ता, वाचता वाचता, पोटावर हात ठेवून एकदा खोकून बघा. पोट दगडासारखं कडक झालं ना? खोकला तिथे बनतो. घसा हे नुसतं दार. आधी आपण खोल श्वास घेतो. मग स्वरयंत्राची झडप बंद होते, अंदाजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू आतून जोर लावतात, दाब चढतो. झडप उघडते आणि कोंडलेली हवा कफाला घेऊन सुसाट बाहेर.

आता वायरिंग बघा. श्वास आत घेणारा मुख्य स्नायू म्हणजे डायफ्रॅम. त्याची नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या टप्प्यातून निघते. माझी मोडतोड त्याच्या खाली, म्हणून मी मशीनशिवाय श्वास घेतो. एक-दोन टप्पे वर झाली असती तर? सुपरमॅन आठवा. क्रिस्टोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला, मानेचे पहिले दोन मणके गेले आणि श्वासासाठी व्हेंटिलेटर लागला. २००३ मध्ये त्याच्या डायफ्रॅमला विजेचे झटके देणारं यंत्र बसवलं, मग तो काही काळ व्हेंटिलेटरशिवाय राहू शकायचा. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. त्याच्या आणि माझ्यामध्ये फरक फक्त काही सेंटिमीटरचा.

पण बरगड्यांच्या आणि पोटाच्या स्नायूंच्या नसा निघतात पाठीतून, म्हणजे माझ्या कट झालेल्या वायरच्या खालून. ते सगळे स्नायू ठणठणीत आहेत, त्यांना निरोप मिळत नाही एवढंच. मला जो ‘हुः’ जमतो, त्यातही खांद्याजवळचे छातीचे स्नायू मदत करतात. मिठी मारायला वापरतात तेच. मिठीच्या स्नायूंनी खोकतो मी. (मुलींनो, नोंद घ्या.)

अमेरिकेत मज्जारज्जूच्या पेशंट्सची आकडेवारी वर्षानुवर्षं ठेवली जाते. एके काळी हे लोक बहुतेक किडनी निकामी होऊन जायचे. तो प्रश्न बराचसा सुटला. आता मृत्यूच्या कारणांत न्यूमोनिया सगळ्यात वरच्या नावांपैकी आहे. पायांनी कोणी मरत नाही, कफाने मरतं. एवढं साधं गणित आमच्या घरी कुणाला माहीत नव्हतं.

आईची फोडणी, अमेरिकेची लॅब

डिस्चार्ज मिळून घरी आलो. पहिल्याच रविवारी आईने लाल मिरचीची फोडणी घातली. अख्ख्या घराला ठसका लागला आणि सगळ्यात आधी मला! आई धावत आली, गॅस बंद करून, रडकुंडीला येऊन. मला मात्र आश्चर्य वाटत होतं. खांद्याखाली मला टाचणी टोचलेली कळत नाही, तापलेली इस्त्री कळत नाही. मग छातीच्या आत फोडणी कशी कळली?

उत्तर भारी आहे. श्वासनलिकेतली खबर मेंदूपर्यंत नेणारी नस, व्हेगस, मज्जारज्जूतून जातच नाही. ती मेंदूच्या तळातून निघून मानेतून स्वतंत्र खाली उतरते. बायपासच म्हणा. हायवे खचला तरी बायपास चालू. म्हणून खवखव कळते, उबळ येते, झडपही बरोबर मिटते. अलार्म वाजतो, दार चालतं, फक्त धक्का मारणारा गडी गायब.

आणि हे कुणीतरी मोजलंयसुद्धा! १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मानेच्या मज्जारज्जूची इजा असलेल्या लोकांना कॅप्सेसिनचा फवारा हुंगायला दिला. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणा. थोडक्यात काय, आईची फोडणी, पण मोजून मापून. खोकला यायला किती तिखट लागतं ते बघितलं, तर धडधाकट माणसांना लागतं साधारण तेवढंच यांनाही. अलार्म शाबूत. पुढच्या वर्षी याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आमच्यापैकी अनेक जण पाय आखडू नयेत म्हणून बॅक्लोफेन नावाची गोळी घेतात. ती घेणाऱ्यांना खोकला यायला जास्त तिखट लागत होतं, म्हणजे गोळी अलार्मचा आवाज कमी करते. (ही गोळी मनाने बंद मात्र करू नका, एकदम सोडली तर भलतंच महागात पडतं. मी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवला.)

हे वाचल्यावर एक जुना राग परत उफाळून आला. २०१५ च्या थंडीत मला ढास लागली होती. रात्रभर हुः हुः. घराजवळच्या एका डॉक्टरांनी कोडीनवालं सिरप लिहून दिलं, “मुलाला जरा झोप लागू दे.” झोप लागली, काय विचारता! तिसऱ्या दिवशी ताप १०३ आणि छातीत घुरघुर. धक्का मारणारा गडी आधीच नाही, त्यात वाजणारा अलार्मही आम्ही पैसे देऊन बंद केला. नऊ दिवस अॅडमिट. फिजिओ मॅडमनी ती बाटली माझ्यासमोर बेसिनमध्ये ओतली. तेव्हापासून घरात नियम आहे, माझ्यासाठी खोकला दाबणारं औषध आणायचं नाही. कफ पातळ करणारं, वाफ, भरपूर पाणी हे सगळं चालतं.

शिवाय श्वासनलिका मोकळ्या ठेवणाऱ्या नसा मज्जारज्जूतून येतात, त्यांचा निरोप तुटलेला. आकसवणारी व्हेगस मात्र जोरात. त्यामुळे नळ्या थोड्याशा कारणानेही आकसतात आणि चिकट कफ जास्त सुटतो. उदबत्ती, फटाके, टपरीवरची सिगरेट, सगळ्यांशी काडीमोड. मित्र आता मला चहा गाडीत आणून देतात.

बाळंतिणीचा पट्टा

एक गंमत. तुम्हाला दम लागला की तुम्ही उठून बसता. मला दम लागला की मी आडवा होतो. बसलं की माझं पोट सैल पिशवीसारखं पुढे येतं आणि डायफ्रॅम खाली ओढला जातो. मग त्याला आणखी खाली यायला जागाच उरत नाही. आडवं झालं की पोट त्याला वर ढकलून ठेवतं, श्वास मोठा येतो. पहिल्यांदा व्हीलचेअरवर बसवलं तेव्हा मला वाटलं, संपलो. मॅडमनी पोटाला रुंद पट्टा बांधला आणि पाच मिनिटांत बरं वाटलं. आई बघून म्हणाली, “अगं बाई, हा तर बाळंतिणीचा पट्टा!” ताईच्या वेळचा कपाटात होता, तो आठवडाभर वापरला. आता माझे दोन आहेत, एक काळा, एक फॉर्मल शर्टाखाली दिसू नये म्हणून पांढरा.

एक, दोन, तीन... खोक!

२०१७ मध्ये परत नोकरीला लागलो. बाणेरची एक सॉफ्टवेअर कंपनी, काम मॅन्युअल्स लिहिण्याचं. मनगटाच्या पट्ट्यात टायपिंगची काडी अडकवतो आणि टकटक लिहितो. (हा लेखही तसाच लिहिलाय, संपादकांना दोन डेडलाइन्स चुकवून.)

तिसऱ्याच आठवड्यात कँटीनच्या पोह्यांतला शेंगदाणा चुकीच्या गल्लीत गेला. ठसका लागला, पुढे हुः हुः. चेहरा लाल. सगळे उभे, कुणी पाणी पुढे करतंय, कुणी पाठीवर थापट्या मारतंय, कुणी वर बघायला सांगतंय. मी डोळ्यांनी ‘नको नको’ म्हणतोय. शेवटी मीच छाती मांडीवर टाकून, हात पोटाखाली दाबून दोन-तीनदा जोर लावला आणि महाशय बाहेर आले. तेवढं स्वतःचं स्वतः करायला मॅडमनी शिकवलं होतं. पण दर वेळी ते जमेलच असं नाही.

त्याच शनिवारी मॅडम माझ्या टीमसाठी ऑफिसात आल्या. शिकायला पुढे आली क्यूएमधली एक कोल्हापूरची मुलगी, पाच फूट काहीतरी, पण पंजा पैलवानाचा. व्हीलचेअरची चाकं लॉक. तळहात बरगड्या संपतात त्याच्या खाली, बेंबीच्या वर. मी खोल श्वास घेतो, तीनपर्यंत मोजतो आणि मी ‘हुः’ करतो त्याच क्षणी तिने आत आणि वर दाबायचं. आधी दाबलं तर झडप बंद, नंतर दाबलं तर हवा गेलेली. सगळा खेळ टायमिंगचा. पहिल्या प्रयत्नाला कुणाचाच ताल जुळत नाही. चौथ्याला जुळला आणि माझ्या तोंडातून आवाज आला, “खॉक्क!”

तीन वर्षांनी स्वतःचा खोकला ऐकला मी. मोठ्या माणसाचा.

(हे वाचून कुणाच्या पोटावर प्रयोग करू नका. जेवल्यावर नाही, बरगडी मोडली असेल तर नाही, आणि शिकायचं ते फिजिओकडूनच.)

फ्लोअरवर अर्थात बोभाटा झालाच. क्यूएची मुलगी डॉक्युमेंटेशनवाल्याला पोटात गुद्दे मारते म्हणून एचआरकडे कुणीतरी मेल टाकला. आता एचआरवालीलाही दाबता येतं.

मॅडमनी एक साधं मीटर दिलंय, दम्याचे पेशंट फुंकतात तसलं. त्यात फुंकायचं नाही, खोकायचं. धडधाकट माणसाचा आकडा मिनिटाला ३६० लिटरच्या वर जातो. २७० च्या खाली असलं की साधी सर्दीही छातीत उतरू शकते, १६० च्या खाली कफ बाहेर येणं कठीण. माझा एकट्याचा आकडा १९०. कोल्हापूरच्या मदतीने ३१०. हा एकशेवीसचा फरक म्हणजे माझं सोमवारी ऑफिसला येणं.

मग २०२० आलं. लॉकडाऊन. ऑफिस बंद, मॅडम येऊ शकत नाहीत. अचानक सगळ्या महाराष्ट्राला ऑक्सिमीटर आणि तीन बॉलवालं स्पायरोमीटर माहीत झालं. मित्र फोन करून विचारायचे, “तिसरा बॉल कसा उचलायचा रे?” आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या विषयात सगळ्यांचा सीनियर होतो. पण आतून टरकलेलो होतो, कारण दाबायला घरात एकच माणूस होता. बाबा. आईचं मनगट संधिवाताने गेलेलं. बाबा रोज सकाळी साडेसात आणि रात्री साडेनऊ, आकाशवाणीच्या बातम्यांसारखे वक्तशीर, “चल, तीन म्हण.” मी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतली होती, कोविडची आली तेव्हा बाबांनी मला उचलून गाडीत घातलं. स्वतःची लस विसरून आले, मग परत गेले.

मशीनही मिळतं. मास्क लावायचा, ते आधी हवा आत भरतं आणि मग एकदम ओढून घेतं, खोकल्यासारखंच. मूळ कल्पना पोलिओच्या काळातली, १९५० च्या दशकात अमेरिकेत असं यंत्र होतं. पुढे घशाला भोक पाडून नळीने कफ ओढायची पद्धत रुळली आणि यंत्र मागे पडलं, ते १९९३ मध्ये नव्याने बाजारात आलं. किंमत लाखांत. भाड्यानेही देतात. दर वर्षी विषय निघायचा आणि दर वर्षी बाबा म्हणायचे, “मी आहे ना. आणि मला लाइट गेले तरी चालतं.”

गेल्या पावसाळ्यात पुन्हा सर्दी झाली. मीच कुठूनतरी घेऊन आलो, ऑफिसला दोष नाही. तिसऱ्या रात्री बाबा दाबत होते, एकदा, दोनदा, पाचदा, आणि कफ काही येईना. ते घामाघूम. आठव्या वेळी निघाला. आम्ही दोघंही दमून गप्प बसलो. मग मी म्हटलं, मीटर काढू या, सहज. आदल्या वर्षी बाबांच्या हाताने २८५ यायचे.

२३०. परत केलं. २३५. तिसऱ्यांदा त्यांनी दात-ओठ खाऊन दाबलं, कपाळाची शीर दिसत होती. २३०.

बाबांनी चष्मा वर करून मीटर उजेडात धरलं, काटा हलवून बघितला. एकाहत्तरावं चालू होतं त्यांचं.

“बिघडलंय हे,” ते म्हणाले आणि ओट्यापाशी चहा टाकायला गेले.

ते आत गेल्यावर मी फोन जवळ ओढला आणि काडीने नंबर दाबला. भाड्याच्या मशीनवाल्याने दुसऱ्या रिंगला उचलला. हळू आवाजात बोलायचं म्हणून वेगळं काही करावं लागलं नाही.